चिनी अक्षरं आणि डावा हात: रेघ कुठून निघते, कुठे जाते

चिनी भाषेच्या पहिल्या तासाला बाईंनी फळ्यावर अधिकचं चिन्ह काढलं. ‘हे अक्षर म्हणजे दहा. वहीत पाच वेळा काढा,’ म्हणाल्या. आम्ही काढलं. बाकांमधून फिरता फिरता त्या माझ्यापाशी थांबल्या. ‘आडवी रेघ तुम्ही उलटी काढलीत.’

आडवी रेघ उलटी कशी असेल, हे मला कळेचना. वहीत पाच चिन्हं होती, अगदी फळ्यावरच्यासारखी. मग त्यांनी माझ्या हाताकडे बघत सहावं काढायला लावलं, तेव्हा उलगडा झाला. मी डावखुरी. आडवी रेघ मी जन्मभर उजवीकडून डावीकडे ओढत आले आहे, शब्दावरची शिरोरेघसुद्धा. मराठी शाळेत त्यावरून कुणी हटकलं नव्हतं, कारण शब्द लिहून झाल्यावर मारलेली रेघ कुठल्या टोकाला सुरू झाली हे कागद सांगत नाही.

त्या दिवसापासून हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून माझ्याकडे येतो. ‘मुलगी डावखुरी आहे, तिला चिनी झेपेल का?’ पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि जपानी लिपीतली कांजी म्हणजे मुळात चिनी अक्षरंच. त्यामुळे त्यांच्याही वहीत हाच पेच पडतो. कुणी सांगतं, हात बदला. कुणी सांगतं, रेघांचा क्रम कसाही चालतो, शेवटी अक्षर ओळखता आलं म्हणजे झालं. हे दोन्ही सल्ले मला चुकीचे वाटतात. का, ते समजायचं तर चिनी अक्षर बांधलं कसं जातं इथपासून सुरुवात करावी लागेल.

## अक्षर, चौकट आणि रेघ

आपला ‘क’ म्हणजे एक ध्वनी. चिनी अक्षर म्हणजे एक उच्चार आणि त्यासोबत बहुतेक वेळा एक अर्थही: डोंगर, पाणी, माणूस, दहा. प्रत्येक अक्षर एकसारख्या मापाच्या, न दिसणाऱ्या चौकटीत बसतं. त्यात एक रेघ असो की पंचवीस, जागा तेवढीच. म्हणून सरावाच्या वह्या आपल्या गणिताच्या वहीसारख्या चौकटींच्या असतात. काही चौकटींना आत फुली आणि अधिक अशा रेघा मारलेल्या असतात, म्हणजे कुठला भाग मध्याच्या किती वर, किती खाली हे डोळ्यांना कळतं.

आता रेघ. पेन कागदावर टेकल्यापासून उचलेपर्यंत जे उमटतं ती एक रेघ, मग ती मध्ये वळली तरी एकच. ‘तोंड’ हे अक्षर साधा चौकोन आहे, पण त्याच्या रेघा चार नाहीत, तीन आहेत: डावीकडची उभी, मग वरची आडवी आणि उजवीकडची उभी मिळून एक, शेवटी तळाची. शब्दकोशात अक्षरं लावायला रेघांची पाच घराणी मानतात: आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, टिंब, आणि वळणारी. उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ टिंबाच्याच घराण्यात धरतात. यातली दोनच चिनी नावं पुढे लागणार आहेत. वरून डावीकडे उतरणारी ती ‘फ्ये’ आणि वरून उजवीकडे उतरणारी ती ‘ना’. ‘माणूस’ हे अक्षर एक फ्ये आणि एक ना टेकवून बनतं, कौलारू घराच्या दोन उतारांसारखं.

प्रत्येक रेघेची दिशा ठरलेली आहे. आडवी डावीकडून उजवीकडे. उभी वरून खाली. फ्ये आणि ना दोन्ही वरून खाली. चिनी अक्षर लिहिताना रेघ उजवीकडून डावीकडे आडवी कधीच जात नाही.

दिशेनंतर क्रम. वरचं आधी, खालचं नंतर. डावीकडचं आधी, उजवीकडचं नंतर. आडवी आणि उभी एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी. मधला दांडा आणि दोन बाजूंना दोन छोट्या रेघा असतील, जसं ‘लहान’ या अक्षरात, तर दांडा आधी. आणि चौकटीत काही कोंदलेलं असेल, जसं ‘देश’ या अक्षरात, तर चौकटीच्या तीन बाजू, मग आतलं सगळं, आणि तळाची रेघ सर्वांत शेवटी. चिनी मुलांना हे शिकवताना सांगतात की माणसं आधी घरात घ्यायची, दार मग लावायचं.

## हे नियम कुठून आले

वरून खाली लिहिण्याला डावा-उजवा हात नाही. पण ‘डावीकडून उजवीकडे’ हे उजव्या हाताच्या सोयीचं आहे, आणि ते उघडपणे मान्य केलेलं बरं. उजव्या हाताने डावीकडून उजवीकडे रेघ काढताना पेन हाताच्या मागोमाग ओढलं जातं, आणि आत्ता काढलेली रेघ डोळ्यांसमोर उघडी राहते. सगळी लिपी उजव्या हातांनी घडवली, कारण दुसऱ्या हाताला लिहूच दिलं जात नव्हतं. ‘लीजी’ या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात मुलाच्या संगोपनाबद्दल स्पष्ट लिहिलं आहे की ते स्वतः जेवू लागलं की त्याला उजवा हात वापरायला शिकवावं. आपल्याकडे प्रसाद घेताना ‘तो हात नको’ म्हणत मनगटावर पडणारी चापट ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना हे वाक्य परकं वाटणार नाही.

त्याचा परिणाम आकड्यांतही दिसतो. जगात साधारण दहांतला एक माणूस डावखुरा असतो. तैवानमध्ये चार हजारांहून जास्त लोकांची पाहणी करून १९७६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डाव्या हाताने लिहिणारे शंभरात एकसुद्धा भरले नाहीत. डावखुरे तिथे जन्मत नव्हते असं नाही, त्यांचे हात बदलले जात होते.

चिनी भाषेत डावखुऱ्याला ‘च्वो-फ्ये-च’ म्हणतात. यातले दोन्ही ‘च’ आपल्या ‘चांगला’मधले, ‘चिमणी’तले नव्हेत. मराठी माणसाला हा उच्चार फुकटात मिळतो. ‘च्वो’ म्हणजे डावा. आणि मधला ‘फ्ये’ त्याच अक्षराने लिहितात ज्याने त्या डावीकडे उतरणाऱ्या रेघेचं नाव लिहितात.

## डाव्या हाताला नेमकं अडतं कुठे

‘डाव्या हाताला कठीण जातं’ एवढ्यावर लोक थांबतात, आणि मग उपायही मोघमच सुचतात. अडचणी वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे.

पहिली, ढकलण्याची. भिंतीला रंग देताना कुंचला ओढला तर केस निमूट मागून येतात, ढकलला तर फिसकटतात. डाव्या हातातलं पेन डावीकडून उजवीकडे नेताना असंच ढकललं जातं. शिसपेन किंवा बॉलपेन हे सहन करतं. शाईच्या पेनाची निब मात्र कागदात रुतते, तिच्या दोन पाकळ्या आडव्या पडतात आणि शाई एकतर थबकते नाहीतर भसकन येते.

दुसरी अडचण मला फार उशिरा कळली, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. चिनी आडवी रेघ फूटपट्टीसारखी सपाट नसते. नेहमीच्या लेखनशैलीत ती उजवीकडे जाताना किंचित वर चढते. ती का चढते, हे कळायला गाडीचा वायपर आठवा. कोपर टेबलावर टेकवलं की हात वायपरसारखा कमानीत फिरतो. उजव्या कोपरावर फिरणारा हात डावीकडून उजवीकडे निघाला की कमान वर चढत जाते. म्हणजे ती चढण उजव्या हाताच्या हाडांतच आहे. डाव्या कोपरावर फिरणारा हात त्याच दिशेने निघाला की कमान खाली उतरते. त्यामुळे डावखुऱ्याच्या आडव्या रेघा उजव्या टोकाला गळतात आणि अक्षर दमल्यासारखं दिसतं. मी कित्येक महिने समजत होते की माझं अक्षर मुळात वाईट आहे. दोष अक्षराचा नव्हता, कागद ठेवण्याचा होता. तो उपाय पुढे सांगते.

तिसरी, कित्त्याची. छापील सरावपुस्तकात नमुन्याचं अक्षर ओळीच्या डाव्या टोकाला असतं आणि रिकाम्या चौकटी त्याच्या उजवीकडे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला नमुना सतत दिसतो. डावखुऱ्याचा हात नेमका नमुन्यावरच बसतो. दर अक्षराला हात उचला, बघा, परत ठेवा. एवढ्यात बारा रेघांमधली सातवी कुठे वळत होती हे डोक्यातून गेलेलं असतं.

आणि चौथी, ओल्या शाईवरून घासणारा हात. ती सगळ्यांना ठाऊक आहे, डावखुऱ्याच्या करंगळीखालचा निळा डाग ही तर आमची ओळखच. या डागाबद्दल मात्र चिनी लेखनाच्या इतिहासात एक गोष्ट आहे, ती इथे सांगायलाच हवी.

## जेव्हा डाग उजव्या हाताला लागायचा

चिनी मजकूर दोन हजारांहून जास्त वर्षं उभा लिहिला गेला. ओळ वरून खाली, आणि पुढची ओळ आधीच्या ओळीच्या डावीकडे. आता उजवा हात डोळ्यांसमोर आणा. पहिली उभी ओळ लिहून झाली, हात डावीकडे सरकला, आणि त्याच्या खाली काय आलं? आत्ताच लिहिलेली ओली ओळ. म्हणजे जी अडचण आज डावखुऱ्याची म्हणून ओळखली जाते, ती तिकडे शतकानुशतकं उजव्या हाताने लिहिणाऱ्यांची होती.

त्यांनी त्यावर काय केलं? ‘हात बदला’ असं कुणी कुणाला सांगितलं नाही. मनगट कागदापासून उचलून, अधांतरी ठेवून लिहायची पद्धत रुजली. मोठ्या अक्षरांसाठी कोपरसुद्धा उचलायचे. आणि लहान अक्षरं लिहिताना हात टेकायला बांबूचा उभा चिरलेला, कमानदार तुकडा कागदावर पालथा ठेवायचे. कमानीखाली शाई सुरक्षित, वर मनगट. चिनी विद्वानांच्या मेजावर शाईची वडी, दगड आणि ब्रशांसोबत हा तुकडाही असे, आणि त्यावर सुंदर कोरीवकाम केलेलं असे. बहुसंख्यांना अडचण आली की तिच्यासाठी साधन घडतं. तीच अडचण थोड्यांना आली की त्यांनाच बदलायला सांगतात. मला हा फरक बोचतो.

आडवं लिहिणं तिकडे अगदी अलीकडचं. चीनच्या ‘क्वांगमिंग’ दैनिकाने १ जानेवारी १९५५ला आडवी छपाई सुरू केली. ‘पीपल्स डेली’ने बरोबर वर्षाने, १ जानेवारी १९५६ला. तैवानमध्ये सरकारी कागदपत्रं आडवी व्हायला २००५ साल उजाडलं. जपानमध्ये वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या अजूनही उभ्याच छापतात.

डावखुऱ्यासाठी यात एक सोय दडलेली आहे. उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे सराव केला तर डावा हात कोऱ्या कागदावर राहतो. डाग नाही. नमुन्याची ओळ अगदी उजवीकडे ठेवली तर तीही उघडी राहते, म्हणजे कित्त्याची अडचणही गेली. आणि ही काही पळवाट नव्हे, ही या लिपीची मूळ मांडणी आहे. मी सगळा सराव असाच करते.

## ‘पण मी माझ्या सोयीने उलटं काढलं तर काय बिघडतं?’

हा माझाही पहिल्या दिवसाचा प्रश्न. अधिकचं चिन्ह कुठूनही काढा, अधिकच दिसतं ना?

दोन रेघांच्या अक्षरात खरंच फारसं बिघडत नाही. वीस रेघांच्या अक्षरात बिघडतं, आणि पहिला फटका स्मरणशक्तीला बसतो. आरतीचं तिसरं कडवं मध्येच विचारलं तर आठवत नाही, मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत गेलं की आपोआप येतं. चिनी अक्षर हाताला असंच पाठ होतं. एका रेघेमागून दुसरी येते, आणि तिसरी कुठे हे हातालाच माहीत असतं. आज एका क्रमाने, उद्या दुसऱ्या क्रमाने काढलं तर ही साखळी तयारच होत नाही. डावखुऱ्याने निदान स्वतःचा उलटा क्रम तरी कायम ठेवावा, असंही कुणी म्हणेल. स्मरणापुरतं ते चालेल, पुढच्या कारणापुरतं चालणार नाही.

ते कारण म्हणजे जलद लेखन. बाळबोध आणि मोडी यांतला फरक आठवा. मोडीत हात न उचलता लिहायचं, म्हणून अक्षरांची वळणं बदलली. चिनी माणूसही रोजच्या लिहिण्यात सुटी सुटी रेघ काढत बसत नाही, रेघा जोडत जातो. ‘तीन’ हे अक्षर म्हणजे एकाखाली एक तीन आडव्या रेघा. पहिली रेघ उजव्या टोकाला संपते आणि पेन दुसरीच्या डाव्या टोकाकडे परततं. घाईत हे परतणंही कागदावर बारीक तिरपं उमटतं. वाचणाऱ्याला ते पाहून कळतं की इथे काय जोडलं आहे. तुम्ही रेघा उजवीकडून डावीकडे काढल्यात तर ही जोडरेघ उलट्या बाजूला झुकेल, आणि चिनी वाचकाला एखादं भलतंच अक्षर दिसेल, नाहीतर काहीच दिसणार नाही. दुसऱ्याने घाईत लिहिलेली चिठ्ठी तुम्हाला वाचता येणार नाही, हे आणखी वेगळं. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या दुकानातल्या माणसाला वाचता येते, कारण हात कुठून कुठे गेला असेल हे त्याला सवयीने कळतं. तसंच हे.

कोश आणि यंत्रंही क्रमावर चालतात. साध्या बटणांच्या फोनवर अक्षर शोधायची एक पद्धत अशी होती की पाच घराण्यांना एक ते पाच बटणं द्यायची आणि रेघा ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने बटणं दाबायची. क्रम चुकला की अक्षर सापडत नसे.

आता दुसरी बाजूही सांगते. हा क्रम काही देवाने दिलेला नाही. ‘डावा’ आणि ‘उजवा’ ही दोन चिनी अक्षरं वरच्या भागात जुळ्यांसारखी दिसतात. चीनमध्ये दोन्हींची सुरुवात आडव्या रेघेने करतात. जपानमध्ये ‘डावा’ची सुरुवात आडव्या रेघेने, पण ‘उजवा’ची फ्येने. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ साली शाळांसाठी रेघांच्या क्रमाची पुस्तिका काढली, तेव्हा तिच्यातच म्हटलं होतं की इथे दिलेला क्रम म्हणजे बाकीचे क्रम चूक असं नव्हे. चीनने अधिक काटेकोर वाट धरली. १ मार्च २०२१पासून तिथे ८१०५ अक्षरांच्या क्रमाचं राष्ट्रीय मानक लागू आहे. भारतात गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते, चीनमध्ये उजवीकडून. दोन्ही नुसते संकेतच, पण ज्या देशात गाडी चालवायची तिथला संकेत पाळला नाही तर अपघात होतो. क्रमाकडे मी असं बघते. तो अक्षराचा आहे, हाताचा नाही. डावा हात तो पूर्णपणे पाळू शकतो.

## ‘मग उजव्या हातानेच शिकलेलं बरं नाही का?’

एवढे नियम उजव्या हाताच्या सोयीचे असतील तर नवी लिपी नव्या हाताने सुरू करावी, असं पालकांना वाटणं मी समजू शकते. काही शिक्षकही कळकळीने हेच सांगतात.

मुलाच्या बाबतीत माझं उत्तर ठाम नाही असंच आहे. हात बदलायला लावलेल्या प्रौढांच्या मेंदूची चित्रं घेऊन अभ्यास झाले आहेत. वर्षानुवर्षं उजव्या हाताने लिहूनही डावखुरेपणाच्या खुणा मेंदूच्या कामात दिसत राहतात. म्हणजे हात बदलतो, माणूस डावखुराच राहतो. शिवाय मुलाला एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात, अनोळखी लिपी आणि अनोळखी हात. आपल्या सचिन तेंडुलकरचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, बॅट उजव्या हाताची आणि सही डाव्या हाताची. कुठल्या कामाला कुठला हात, हे शरीर स्वतः ठरवत असतं, आणि ते ठरलं की त्यात ढवळाढवळ करू नये.

मोठ्या माणसाने स्वखुशीने उजवा हात करून पाहिला तर त्याला माझा विरोध नाही. विशेषतः ब्रशसाठी.

## ब्रशची गोष्ट खरंच वेगळी आहे

इथे मी डावखुऱ्यांना खोटा धीर देणार नाही. पेनाने डावा हात कुठेही कमी पडत नाही. ब्रशने मात्र एक खरी अडचण येते.

ब्रशने आडवी रेघ सुरू करताना ब्रशचं टोक वरून-डावीकडून तिरकं टेकवतात, मग दाबून पुढे नेतात. त्यामुळे रेघेच्या सुरुवातीला छाटल्यासारखा तिरपा कोन दिसतो. उजव्या हातातल्या ब्रशचं टोक आपसूक वर-डावीकडे वळलेलं असतं, म्हणून तो कोन फुकट मिळतो. डाव्या हातातलं टोक वर-उजवीकडे वळतं, आणि तो कोन दर रेघेला मुद्दाम आणावा लागतो. देवनागरी सुलेखनात डावखुऱ्यासाठी बोरूची जीभ वेगळ्या कोनात कापता येते, म्हणजे अडचण अवजारातच सुटते. चिनी ब्रश गोल. त्याला कोनच नाही, कोन हाताने द्यायचा.

चौथ्या शतकातला वांग शीझी हा चिनी सुलेखनाचा सर्वांत मानला गेलेला कलावंत. एका कवितासंग्रहासाठी त्याने ३५३ साली लिहिलेल्या प्रसिद्ध प्रस्तावनेचं पहिलंच अक्षर ‘योंग’, म्हणजे चिरंतन. या एका अक्षरात सुलेखनातल्या आठ मूळ रेघा येतात असं मानतात, म्हणून शिकणारे शतकानुशतकं तेच घोटतात. डाव्या हाताने योंग काढला की आपलं बळ आणि उणीव दोन्ही समोर येतात. डावीकडे उतरणारी फ्ये सुरेख येते, कारण ती आपल्या हाताच्या बाजूला ओढली जाते. उजवीकडे पाऊल पसरणारी ना अडखळते.

तरीही होतं. अठराव्या शतकातला चित्रकार गाओ फंगहान याचा उजवा हात १७३७ साली लुळा पडला. त्याने डाव्या हाताने चित्रं आणि सुलेखन सुरू ठेवलं आणि ‘डाव्याचा मान राखणारा’ अशा अर्थाचं नाव स्वतःला घेतलं. विसाव्या शतकात फेई शिनवो (१९०३–१९९२) याचं उजवं मनगट पन्नाशी उलटल्यावर दुखण्याने निकामी झालं. त्याने डाव्या हाताने नव्याने सुरुवात केली, आणि चीनमध्ये त्याची कीर्ती आहे ती डाव्या हाताच्या अक्षराचीच. हे दोघे जन्माने डावखुरे नव्हते, हे खरं. पण म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची वाटते. रेघांची दिशा आणि क्रम सगळ्यांसारखाच ठेवून डावा हात कुठवर जाऊ शकतो, हे त्यांच्या कामात दिसतं.

ब्रश धरायचाच असेल तर माझं मत असं की प्राचीन मुद्रालिपीपासून, म्हणजे शिक्क्यांवर कोरतात त्या जुन्या शैलीपासून, सुरुवात करावी. त्या शैलीत रेघ सगळीकडे सारख्या जाडीची आणि टोकं गोल असतात. तिरपा कोन नाही, उजवीकडची चढण नाही, त्यामुळे डाव्या हाताला तिथे काही कमी नसतं.

## वहीपुढे बसताना

वायपरच्या अडचणीवरचा उपाय आता सांगते. कागदाचा वरचा काठ उजवीकडे झुकवा, साधारण पंधरा-वीस अंश, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. आता डाव्या हाताची उतरती कमान कागदाच्या हिशेबाने उतरती राहत नाही, ती किंचित चढणारी रेघ होते. हात तोच, हालचाल तीच, रेघ सुधारते. त्याहून जास्त झुकवू नका. चौकट तिरपी दिसू लागली की उभ्या रेघा कलतात.

कागद छातीच्या मध्यभागी न ठेवता जरा डावीकडे ठेवा. पेन टोकापासून बोटभर वर धरा आणि हात ओळीच्या खाली ठेवा. मनगट आकडीसारखं वाकवून वरून लिहायची सवय बऱ्याच डावखुऱ्यांना असते. त्याने नमुना दिसतो, पण फ्ये आणि ना दोन्ही आखडतात. सुरुवातीला शिसपेन, मग लवकर वाळणारं जेल पेन. शाईच्या पेनाची घाई नको.

कित्ता छापील डावीकडचाच असेल तर त्या पानाची झेरॉक्स काढून वहीच्या वर उभी टेकवा. वर्गात बसताना बाकाचं डावं टोक मागून घ्या, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागणार नाही. शिक्षकांनी डावखुऱ्या मुलासमोर बसून हवेत अक्षर गिरवून दाखवू नये. त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून दाखवावं. मुलं समोरच्याचं आरशासारखं उचलतात, आणि नेमकी दिशाच उलटते.

## ‘आता हाताने लिहितंय कोण?’

खुद्द चीनमध्येही हा प्रश्न आहे. तिथे लोक फोनवर रोमन अक्षरांत उच्चार टाकतात आणि समोर आलेल्या यादीतून अक्षर निवडतात. त्यामुळे वाचता येतं पण लिहायला गेलं की हात थबकतो. याला तिकडे म्हणच आहे, ‘ब्रश उचलला, अक्षर विसरलं’.

तरी शिकणाऱ्याने हात सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. हाँगकाँगच्या संशोधकांनी बीजिंगमधल्या मुलांवर केलेल्या २००५च्या अभ्यासात दिसलं की चिनी वाचता येण्याचा संबंध अक्षर लिहिता येण्याशी घट्ट आहे. एका टिंबाच्या किंवा एका छोट्या रेघेच्या फरकाने अर्थ बदलणारी अक्षरं नुसती पाहून वेगळी लक्षात राहत नाहीत. एकदा हाताने काढली की राहतात.

आणि हे ओझं वाटतं तेवढं मोठं नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी २०२१ साली जाहीर झालेल्या चिनी मानकात नऊ पातळ्या मिळून हाताने लिहायची अक्षरं १२०० आहेत. पहिल्या तीन पातळ्यांसाठी फक्त ३००. रोज पाच धरली तर दोन महिने. यादीतलं दहा, तीन, माणूस, तोंड आणि लहान कसं लिहायचं ते वर आलंच आहे, म्हणजे पहिल्या दिवसाची पाच झाली. कागद झुकवा आणि आडवी रेघ डावीकडून सुरू करा.